बेपत्ता बेट आणि झुडपातली कडी

"हे बघ इल्वा," माझी होणारी सासू साखरपुड्याच्या कॉफीला माझ्या बशीत सातव्या प्रकारचं बिस्किट ढकलत म्हणाली होती, "ह्या माणसाबरोबर होडीत बस, जेव, झोप, वाटलं तर ओकसुद्धा. पण एक प्रश्न त्याला कधी म्हणून विचारू नकोस. ‘आपण कुठे आहोत?’"

ह्या माणसाबरोबर म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्याबरोबर. मी गोड हसले आणि तो इशारा बिस्किटाबरोबर गिळून टाकला. बिस्किट पचलं.

आता थोडं माझ्याविषयी. थोडं म्हणजे माझ्या मानाने थोडं. फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या वासा शहरातली मी एकमेव खाजगी गुप्तहेर आहे, जिला आजवर कोणीही काम दिलेलं नाही. घारीची नजर, कोल्ह्याची बुद्धी आणि गोचिडीची चिकाटी हे तिन्ही गुण माझ्यात एकवटले आहेत असं मी स्वतःच सांगते, कारण लोक सांगायचं विसरतात. विद्यापीठात मी तर्कशास्त्र शिकले आणि पासही झाले. पण खरी तालीम मिळाली ती माझी लेक सीग्ने जन्मल्यावर. लेकुरवाळ्या बाईला गुप्तहेर व्हावंच लागतं. घरात शांतता पसरली की कुठेतरी गुन्हा घडतोय हे तिला कळतं. पोरीचं तोंड हलतंय आणि हातात खाऊ नाही, एवढ्यावरून तोंडात काय असेल याचे सात तर्क ती उंबरठा ओलांडेपर्यंत करते. माझ्या बाबतीत नेहमी आठवा खरा निघतो, ती गोष्ट वेगळी.

हरवलेल्या चोखणीचं प्रकरण मी तडीस नेलं (चोखणी माझ्याच केसांत अडकली होती). शेजारणीच्या मांजराच्या खुनाचा छडाही मीच लावला. मांजर सध्या मजेत आहे. शेजारीण माझ्याशी बोलत नाही.

माझा मदतनीस म्हणजे माझा नवरा, तुरे. तुरेचा एकच विशेष: त्याला काहीही पटकन पटतं. मदतनीसात हा गुण आहे. नवऱ्यात तो किती घातक ठरू शकतो, ते पुढे येईलच.

तर, जुलै महिना. दर जुलैत आम्ही ‘लोविसा’ घेऊन बेटांवर जातो. लोविसा ही फाफाची लाकडी शिडाची होडी. वयाने तुरेपेक्षा मोठी, स्वभावाने फाम्मोपेक्षा हट्टी. माझा सासरा सीग्नेचा आजोबा म्हणून फाफा आणि सासू तिची आजी म्हणून फाम्मो; आमच्या बोलीत आजोबा-आजीला असंच म्हणतात. नात झाल्या दिवसापासून त्यांची ब्योर्ये आणि गुन्वोर ही खरी नावं आम्ही माळ्यावर टाकली आहेत. होडीत पाच जण: सुकाणूवर फाफा, विणकामावर फाम्मो, शिडाच्या दोरांवर तुरे, दोराच्या टोकाला सीग्ने आणि सगळ्यांवर नजर ठेवायला मी. दीड वर्षाच्या सीग्नेला मी पट्ट्यांनी आवळून, दोर लावून डोलकाठीला बांधते. कोणी हसलं तर हसू दे. हसणाऱ्यांची पोरं पोहायला शिकलेली असतात.

आमचा समुद्र म्हणजे कंजुषाघरच्या वाटाण्याच्या सूपाच्या अगदी उलट. सूपात पाणी फार आणि वाटाणे कमी; इथे दगडच दगड, पाणी चवीपुरतं. बेटं इतकी की देवाने खिसा उलटा करून झटकल्यासारखी. बहुतेकांवर माणूस नाही. आमचा कार्यक्रम ठरलेला: दिसेल त्या ओसाड बेटाला होडी लावायची, खडकावर बटाटे उकडायचे, कॉफी करायची, मोजे वाळवायचे, आणि मोजे वाळले की पुढचं बेट.

प्रत्येक निर्मनुष्य बेटावर माझं पहिलं काम म्हणजे ते खरोखरच निर्मनुष्य आहे ना हे तपासणं. पहिल्याच बेटावर मला झुडपाला अडकलेला एक पुरुषी मोजा सापडला. मी तात्काळ ताडलं: फुटलेल्या जहाजातला माणूस, एका पायाने अधू, भुकेने वेडापिसा, आणि आत्ता आपल्याकडे बघतोय. मी सीग्नेला कडेवर घेऊन, हातात बटाट्याची सुरी धरून सकाळभर उभी होते.

"अरे, माझा मोजा!" तुरे म्हणाला. "गेल्या वर्षी हरवला होता."

असो. मोठ्या प्रकरणाआधी हात साफ व्हावा लागतो.

मोठं प्रकरण दुसऱ्या दिवशी सुरू झालं. सकाळपासून फाफा काही न बोलता होडी हाकत होता. नकाशा त्याच्याकडे असतो, पण तो त्यावर बसतो. ("नकाशा टपालवाल्याला लागतो. मी काय पत्रं वाटायला निघालोय?") गार वारा, उन्हात लखलखणारं पाणी, सगळं छान चाललं होतं. पण माझ्या घारीच्या नजरेला एक गोष्ट खटकली. पक्ष्यांनी पांढरा रंगवलेला एक खडक, वरून टकलासारखा गुळगुळीत, आमच्या डाव्या हाताने गेला. थोड्या वेळाने तो पुन्हा डाव्या हाताने गेला. मग तिसऱ्यांदा आला, तेव्हा मला त्यावरचे पक्षीसुद्धा ओळखू यायला लागले होते.

आणि मी विचारलं.

"फाफा, आपण कुठे आहोत?"

फाम्मोच्या सुया थांबल्या. तुरे एकदम शिडाकडे बघू लागला, जणू शिवण तपासतोय. टकल्या खडकावरचा एक पक्षी आपणहून उडून गेला.

"कॉफीबेटाजवळ," फाफा म्हणाला.

"कुठलं कॉफीबेट?"

"ते काय." त्याने हनुवटीने पश्चिमेला दाखवलं.

पश्चिमेला समुद्र होता. भरपूर होता. बेट म्हणावं असं मात्र तिकडे काहीही नव्हतं.

"दिसत नाही," मी म्हटलं. मला सवय आहे, निरीक्षण तोंडून निघतंच.

"मलाही दिसत नाही," फाफा म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग हळूहळू, एकेक वाक्य गळाने ओढून काढावं तशी हकीकत बाहेर आली. कॉफीबेट हे नाव फाफाच्या बापाने ठेवलेलं. तो जाळी लावायला यायचा तेव्हा तिथे कॉफी करून प्यायचा, म्हणून. सरकारी नकाशाला ह्या नावाचा पत्ता नाही. फाफा पोरगा असताना बापाबरोबर तिथे जायचा. पुढे तो नोकरीला स्वीडनमध्ये गेला, पंख्यांच्या कारखान्यात केस पांढरे केले, तुरे तिकडेच जन्मला, आणि पेन्शन घेऊन म्हातारा-म्हातारी परत आले. ह्या मधल्या काळात कॉफीबेटाला त्याने पाऊल लावलं नव्हतं. ह्या वर्षी नातीला दाखवायचं त्याने मनाशी ठरवलं होतं.

"कोर्पहोल्म माहीत आहे ना, मोठं, झाडीचं? त्याच्या पश्चिमेला. मधे खाडी, इतकी अरुंद की इकडून हाक मारली तर तिकडचा शिंकतो."

कोर्पहोल्म आम्हाला समोर दिसत होतं. चांगलं मोठं, झाडीचं. त्याच्या पश्चिमेला खाडी नव्हती, बेट नव्हतं, आणि शिंकायला कोणी नव्हतं.

"कोर्पहोल्मलाच लावू या मग," तुरे म्हणाला. "जेवू, आणि मग बघू."

फाफाने मागे नांगर टाकला, तुरेने होडीच्या नाकाडावरून खडकावर उडी मारली, आणि आम्ही कोर्पहोल्मच्या पश्चिम टोकाला उतरलो. मी उतरल्या उतरल्या सगळ्यांना मोजलं. पाच. एक बेट कमी.

नारळाएवढी वस्तू हरवली तर ती कोणीतरी नेलेली असते. बेट कोणी नेत नाही. म्हणजे हे साधंसुधं प्रकरण नव्हतं. मी तर्कशास्त्राला हाक मारली.

पहिला तर्क: बेट बुडालं. जगभर बेटं बुडतायत, वर्तमानपत्रात रोज येतं. मी तुरेला हे सांगितलं. त्याला लगेच पटलं. तो काठावर जाऊन पाण्यात वाकून बघून आला. "दिसत नाही," म्हणाला. "म्हणजे चांगलंच खोल गेलंय."

दुसरा तर्क जरा नाजूक होता. बेटाचं नाव निघाल्यावर फाफाचे कान लाल का झाले? लाल कान म्हणजे लपवाछपवी. बेट आहे, पण त्यावर असं काहीतरी आहे जे सुनेच्या नजरेला पडू नये. घरी गाळलेली दारू? मी साक्षीदाराकडे गेले. साक्षीदार धुरी दिलेल्या माशाचे काटे काढत बसली होती.

"फाम्मो, तू कधी गेली होतीस कॉफीबेटावर?"

"एकदा."

"कसं होतं?"

"मला काय माहीत? मी बेटाकडे बघत नव्हते."

आणि तिने माशाकडे असं काही बघितलं की पुढचा प्रश्न मला माशालाच विचारावासा वाटला.

तेवढ्यात फाफाने कॉफीचं काळं भांडं उचललं, काठावर गेला, आणि आमच्याकडे गोड्या पाण्याचा भरलेला कॅन असताना ते भांडं सरळ समुद्रात बुडवून भरून आणलं. चुलीवर ठेवलं. वर कॉफी टाकली.

मी सीग्नेला उचलून कडेवर घेतलं.

कारण तिसरा तर्क माझ्या मनात सकाळपासूनच बसून होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. आता एकेक धागा आपोआप जुळायला लागला. आदल्या दिवशी त्याने मला दोनदा गुन्वोर म्हणून हाक मारली होती. चष्मा कपाळावर असताना तो अख्ख्या होडीत चष्मा शोधत होता. पांढऱ्या खडकाला आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या. समुद्राच्या पाण्याची कॉफी. आणि आता, जिथे कधी बेट नव्हतंच, तिथे एक बेट. माझ्या सासऱ्याचं डोकं दगा देत होतं. आणि ज्या होडीला माझी पोर दोराने बांधलेली, तिचं सुकाणू त्याच्या हातात होतं.

मी तुरेला खडकामागे ओढलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. इतका वेळ मी कधीच एका तर्कावर बोलले नव्हते. मला वाटलं, तो मला वेड्यात काढेल. मला अगदी मनापासून तेच हवं होतं.

"पटलं," तुरे म्हणाला.

"काय पटलं?"

"सगळंच. मलाही वाटत होतं, पण जोडता येत नव्हतं." तो खडकाला टेकला. "वासातला तो दातांचा डॉक्टर लोविसाबद्दल विचारत होता. हिवाळ्याआधी देऊन टाकू. फाफाला पाण्यावर एकटं सोडायला नको."

"अरे, मी फक्त तर्क मांडला!"

"तर्क बरोबर आहे."

"तुरे, माझे तर्क कधी बरोबर असतात का?"

पण उशीर झाला होता. मदतनिसाला पटलं होतं. आणि दुसरी एक गोष्ट घारीच्या नजरेतून सुटली होती: वारा पडला होता, आणि उघड्या खडकावर पडल्या वाऱ्यात कुजबुज अशी जाते की पलीकडच्या बेटावरचा सील मासा मान डोलावतो.

आम्ही खडकाला वळसा घालून आलो तेव्हा फाफा उभा होता. त्याच्या हातात इंजिनाची किल्ली होती, तिला बुचाचा गोळा बांधलेला, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून.

"जाताना तू धर सुकाणू," त्याने तुरेला म्हटलं.

"फाफा, तसं नाही..."

"तसंच आहे. पोर बसलीय होडीत, आणि मला माहीत नाही मी कुठे आहे." किल्ली त्याने तुरेच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवून दिली, लहान मुलाच्या हातात नाणं द्यावं तशी. मग काठाच्या खडकावर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून बसला.

कॉफी उतू गेली. कोणी उठलं नाही.

मी आजवर अनेक निरपराधांना गुन्हेगार ठरवलं आहे. मांजराच्या प्रकरणात तर अख्ख्या इमारतीला. पण शिक्षा कधीच कोणाला झाली नव्हती. आता झाली होती, आणि तीही माझ्याच पुराव्यावर. मी ठरवलं, पुरावा मोडायचा. हे बेट पिंजून काढायचं. बेट नसलं तरी निदान बेट असल्याची एखादी खूण.

सीग्नेला पट्टे बांधून, दोर मनगटाला गुंडाळून मी आत निघाले. काठाचा खडक संपला की काटेरी झुडपं सुरू होत होती आणि पुढे एक लांबट सखल पट्टा होता, उंच गवताने आणि कोवळ्या झाडांनी गच्च भरलेला. झुडपांत खडकाचं एक ढोपर वर आलं होतं, आणि त्या खडकात कोणीतरी एक लोखंडी कडी पक्की ठोकलेली होती. गंजलेली, पण मजबूत. हाताच्या पंजाएवढी.

मी थरारले. निर्मनुष्य बेट. झुडपात कडी. काय बांधत असतील इथे? शेळी? शेळीला कोणी समुद्रातून आणून झुडपात बांधत नाही. कैदी? कैद्याला एवढी ढिली कडी पुरत नाही. अस्वल? मग मला झटकन उमगलं आणि डोळे भरून आले. हे एका आईचं काम! माझ्यासारखीच एखादी जागरूक बाई फार पूर्वी इथे आली असेल, पोर पाण्याकडे धावत असेल, आणि सगळे तिला हसत असतील. आणि तिने घण घेऊन खडकात कडी ठोकली असेल. माझ्या आधी कोणीतरी माझ्यासारखं होतं!

मी त्या अनाम भगिनीला मनोमन वंदन केलं, सीग्नेचा दोर कडीला बांधला, आणि तिच्यापासून हातभरावर गुडघ्यांवर बसून झुडपाखालची माती तपासायला लागले. सीग्ने खुशीत होती. ती कडी खडकावर आपटत होती. टण्. टण्.

"इल्वा," मागून फाम्मोचा आवाज आला, "तुझं आटपलं की मला जागा दे."

मी मागे बघितलं. फाम्मो हातात कागदाचा रोल घेऊन उभी होती. माझा फक्त पार्श्वभाग झुडपाबाहेर होता, त्यामुळे तिचा गैरसमज समजण्यासारखा होता.

"मी तपास करतेय, फाम्मो!"

"मला वाटलंच. इतका वेळ लागला तर दुसरं काय असणार." तिने वैतागून इकडे तिकडे बघितलं. "मेलं उघडं बेट. आडोसा शोधत शोधत इथवर आले. तो दातवाला लोविसा घेणार म्हणे? चाळीस वर्षांचा माणूस, अजून लाइफजॅकेटची क्लिप आईकडून लावून घेतो."

"मला नव्हतं गं असं करायचं..."

फाम्मो ऐकत नव्हती. ती सीग्नेकडे बघत होती. सीग्ने कडी आपटत होती. टण्.

फाम्मो हळूच खडकावर बसली. कागदाचा रोल तिच्या हातातून सुटून गवतात उलगडत गेला.

"हिला इथे कोणी बांधलं?"

"मी. म्हणजे, मूळ कल्पना दुसऱ्या एका आईची. ही कडी बघ, पोराला बांधायला..."

"पोराला? अगं शहाणे, ही होडी बांधायची कडी आहे! ब्योर्येच्या बापाने ठोकलेली. ही बघ, ठोकताना घण निसटून बाजूचा टवका उडालाय. तो टवका त्याच्या बापाच्या नाकावर लागला होता, मरेपर्यंत खूण होती."

"होडी? झुडपात?" मी तिला समजावणीच्या सुरात म्हटलं. "फाम्मो, पाणी तर तिकडे..."

फाम्मोने माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे शेवटचं बघितलं होतं ते तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी.

"गेल्या वर्षी घरचा होडी लावायचा धक्का समुद्रात पुढे कोणी सरकवला?"

"आपण."

"आपण नाही. मी आणि तुरेने. कंबरभर चिखलात उभं राहून. तू काठावरून ‘लाइफजॅकेट, लाइफजॅकेट’ ओरडत होतीस. का सरकवला?"

"होडी तळाला टेकायला लागली होती म्हणून. जमीन वर येते ना."

"आणि त्याच्याआधी कितीदा सरकवला?"

"बरेचदा. पण ते..."

"मग जमीन काय फक्त आपल्याच धक्क्याखाली वर येते? सरकारने आपल्याला तेवढीच मंजूर केलीय?"

मी त्या सखल, गवताळ पट्ट्याकडे बघितलं. लांबट. अरुंद. इकडून हाक मारली तर तिकडचा शिंकेल इतका.

ही होती ती खाडी. पाणी निघून गेलं होतं आणि गवत राहायला आलं होतं. खाडीपलीकडचं झाडीचं बेट म्हणजे कोर्पहोल्म. आणि उतरल्यापासून आम्ही जिथे बटाटे उकडत, मोजे वाळवत, कॉफीबेट शोधत होतो, ते कॉफीबेट होतं. वासा भागातलं शेंबडं पोरही सांगेल की हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून आमच्याकडे जमीन दरवर्षी थोडी थोडी समुद्रातून वर येते. शाळेत शिकवतात, घरात बोलतात, धक्के सरकवतात. आणि आम्ही पाच सुशिक्षित (एक चोखणीसहित) माणसं काखेत बेट घेऊन समुद्राला वळसे घालत होतो.

"माझं लग्न झाल्यापासून ही जमीन गुडघाभर वर आली," फाम्मो उठता उठता म्हणाली, "आणि माझा गुडघा तेवढाच खाली गेला. हात दे."

"फाफाला हाक मारते!" मी धावायला निघाले.

"थांब. आधी मला जाऊन येऊ दे. इतकी वर्षं थांबलेलं बेट आणखी थोडं थांबेल. मी नाही थांबू शकत."

मग फाफाला आणलं. तो यायला तयार नव्हता. फाम्मोने त्याला बाहीला धरून आणलं. झुडपं बाजूला सारून तो उभा राहिला. कडीकडे बघितलं. कडीला बांधलेल्या नातीकडे बघितलं. मी श्वास रोखून बसले होते, कारण आता त्याने ओळखलं नाही, तर माझा तिसरा तर्क खरा ठरणार होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी चुकीची ठरावी म्हणून देवाचा धावा करत होते.

फाफा खाली वाकला.

"ही गाठ कोणी मारली?"

"मी," मी म्हटलं.

"होडी असती तर एव्हाना स्वीडनला पोचली असती." आणि न बघता, नातीशी ओठांनी पुर्र पुर्र करत, त्याच्या बोटांनी ती गाठ सोडून दुसरी मारली. मग तो सरळ झाला, खाडीच्या काठाने, म्हणजे गवताच्या काठाने, चालत गेला, एका खडकाशी थांबला आणि टाचेने शेवाळं खरवडलं. खाली तीन दगड होते. आतून काळे ठिक्कर.

"बापाची चूल," तो म्हणाला. "आणि तो टकल्या खडक, तो तेव्हा पाण्याखाली होता. बाप म्हणायचा, इथे सांभाळ, खाली एक म्हातारा झोपलाय. मी सकाळपासून त्या म्हाताऱ्याला पाण्याखाली शोधतोय. उठून बसलाय लेकाचा!"

तुरे मागे येऊन उभा होता. "पण धक्का तर आपण इतक्यांदा..." तो म्हणाला.

"धक्का वेगळा," फाफा म्हणाला. "इथे माझा बाप होता."

तुरेला हेही लगेच पटलं. त्याने खिशातून किल्ली काढली आणि बुचाचा गोळा फाफाच्या हातावर ठेवला. दातांच्या डॉक्टरला होडी मिळणार नव्हती. ह्याबद्दल जगात कोणाला वाईट वाटलं असेल तर ते त्याच्या आईला.

त्या चुलीवर फाफाने पुन्हा कॉफी केली. पुन्हा भांडं समुद्रात बुडवलं. मी फाम्मोकडे बघितलं.

"अगं, आपला समुद्र नावालाच खारट," ती म्हणाली. "कॉफीत चिमूटभर मीठ घालण्यापेक्षा हे सोपं. त्याचा बाप असाच करायचा. पी."

प्यायले. बरी होती. म्हणजे वाईटच होती, पण खुळेपणाची नव्हती.

तपास पूर्ण झाला तरी एक दुवा राहिला होता. मी गुप्तहेर आहे, दुवे सोडत नाही.

"फाम्मो, फाफाचे कान का लाल झाले होते? आणि तू बेटाकडे बघत नव्हतीस म्हणजे कुठे..."

"ह्या कडीला ह्याने होडी बांधली होती," फाम्मो म्हणाली, "आणि मला बेट दाखवायला आणलं. गाठ सुटली. होडी वाहून गेली. दुसऱ्या दिवशी कोळी आले तेव्हा सुटका झाली, आणि पुढच्या महिन्यात लग्न." तिने कॉफीचा घोट घेतला. "तुझ्या सासऱ्याच्या हातची गाठ आयुष्यात एकदाच सुटली आहे. मी खोलात गेले नाही."

फाफाचे कान असे पेटले की त्यावर बटाटे उकडले असते.

"मी ह्याला तेव्हा विचारलं होतं, आपण कुठे आहोत? तर म्हणाला, ‘इथे.’ त्या ‘इथे’मधून मी अजून बाहेर पडलेली नाही. म्हणून तुला सांगितलं होतं, विचारू नकोस. पण तू बिस्किटं खात होतीस."

परतीच्या वाटेवर सुकाणू फाफाच्या हातात होतं. पांढरा टकल्या एकदाच गेला, उजव्या हाताने, आणि फाफाने त्याला टोपी काढून सलाम केला. मी सगळ्यांना मोजलं. पाच, आणि एक बेट. वाटेत फाफाने मला हाक मारली, "गुन्वोर, तो दोर दे."

मी ओ दिली आणि दोर दिला. फाम्मो म्हणते, त्याला काही हवं असलं की तो सगळ्यांनाच गुन्वोर म्हणतो, टपालवाल्यालासुद्धा. तुरेला हे पटलं आहे. मला पटावं अशी माझी फार इच्छा आहे.

कारण आता तो दर आठवड्याला एकटाच जातो. वारा बरा दिसला की लोविसा काढतो, कॉफीबेटाला लावतो, बापाच्या चुलीवर भांडं चढवतो. मोबाइल नेत नाही. म्हणतो, ओला होतो. मी खिडकीत उभी राहते, सीग्नेची चोखणी शोधते, आणि तर्क करते. आणि माझे तर्क कसे असतात हे तुम्हाला आता माहीत आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुम्ही कधी त्या बाजूने गेलात, आणि कोर्पहोल्मच्या पश्चिम टोकाला एक जुनी लाकडी होडी लागलेली दिसली, तर जरा वेग कमी करा. झाडीतून धूर येतोय का बघा. येत असेल तर उत्तम, पुढे जा. येत नसेल तर उतरा. आत झुडपांत एक कडी लागेल, तिच्या पलीकडे तीन काळे दगड, आणि दगडांपाशी लाल टोपीतला एक म्हातारा असेल. लाइफजॅकेटची क्लिप लावलीय का, चष्मा कपाळावर आहे का, ते हळूच बघा. मी पाठवलंय म्हणून सांगू नका. कॉफी देईल, ती प्या, तोंड वाकडं करू नका. तुम्हाला गुन्वोर म्हणाला तर ओ द्या.

फक्त त्याला ‘आपण कुठे आहोत’ असं मात्र विचारू नका. तो ‘इथे’ म्हणेल, आणि तुमची होडी सुटलेली असेल.